वजा झालेल्या पहिलटकरणी

ताई, माझी आई रोज सकाळी फोन करते आणि एकच विचारते, "येतेस का नाही वं? खोली सारवून ठेवली मी." मी रोज सांगते, उद्या सांगते. तिकिटाचं विचारून विचारून ह्यांनी आता विचारणं सोडलंय. आठवा महिना सरायच्या आत काय ते ठरवा, नंतर एवढ्या लांबचा प्रवास करू देणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आणि माझ्याच्यानं काही ठरत नाही. कारण ठरलेलं होतं ना आपलं. तुमच्याबरोबर बसून ठरवलं होतं, आणि तुम्ही निघून गेलात.

तुम्हाला सगळं माहीत आहे. पण हे इथं लखनऊच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायचं म्हणतात, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या वेळी मी माहेरी गेले होते, वाशीम जिल्ह्यात आमच्या गावी. ऐन वेळी अडलं. गावातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, जीपच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून. वाटेत जिथं थांबलो तिथं जागा नाही म्हणाले. शेवटी एकदाची खाट मिळाली, सिझर झालं, मिनू आली. ती भीती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. पहिलं सिझर म्हणून दुसऱ्या वेळी मोठ्या दवाखान्याजवळच राहा, असं इथल्या डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे तिकडे माणसं आहेत, पण खाटेचा भरवसा नाही. इकडे खाट आहे, पण खाटेजवळ बसायला माणूस नाही. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत, त्यामुळे ह्यांचा उपयोग नाही. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या. आईच्या गुडघ्यांनी तिला गावातल्या विहारापर्यंत चालवत नाही, ती लखनऊला कुठून येणार? माणूस होतं ते तुम्ही होता.

आपली ओळख विमा दवाखान्याच्या रांगेतली. ह्यांच्या कंपनीनं इकडे नवीन कारखाना काढला तेव्हा संभाजीनगरहून जे फिटर पाठवले त्यात हे एक. कारखान्यात पगारातून विमा कापतात, त्याच्या बदल्यात घरच्या सगळ्यांना औषधपाणी मिळतं आणि भरती व्हायची वेळ आली तर तेही होतं. मिनू तापानं फणफणली होती, मी तिला खांद्यावर टाकून उभी. पुढचा माणूस सारखा मागे सरकत होता, तशी मी पुटपुटले, "मायबाई, पायावर उभा राहते का काय हा." हिंदी मला तेव्हा भाजी घेण्यापुरतीच यायची. रांगेच्या बाजूला एक बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रांगेत नव्हत्या, रांग बघत होत्या. त्यांनी मान वळवली आणि म्हणाल्या, "कुठली वं तू?"

लखनऊत आल्यापासून त्या सुरातलं "वं" मी ऐकलं नव्हतं. मला रडूच आलं. तुम्हाला वाटलं लेकरू जास्त आजारी आहे, म्हणून तुम्ही मला रांगेतून काढून सरळ डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. मागून नियम आठवला तेव्हा स्वतःवरच चिडलात. "रांग बघायला आले अन् रांगच मोडली," म्हणालात. हे वाक्य तुम्ही पुढे कितीदा ऐकवलंत मला. जणू मीच तुमच्याकडून मोडून घेतली होती.

मग मी तुमच्याकडे पोळ्या करायला येऊ लागले. तुमची अट होती की दोघींनी एका टेबलाशी बसून खायचं. तुम्ही मूळच्या नागपूरच्या, विमा कार्यालयातल्या मोठ्या अधिकारी, क्वार्टरमध्ये एकट्या, आणि मी आठवीतून शाळा सोडलेली. माझ्याच्यानं घास गिळवायचा नाही. तुम्ही ते ओळखलं असणार, कारण तेव्हापासून जेवताना तुम्ही तुमच्या कामाचं बोलायला लागलात. नुसतं बोलायचं नाही, मला विचारायचंही. मी म्हणायचे, ताई, मला ह्यातलं काय कळतं? तुमचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच तर. तुला कळलं तर दिल्लीवाल्यांनाही कळेल." मला राग यायचा. पण खरं सांगू, दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मी तेच मनात घोळवत असायचे.

तुमचं काम म्हणजे खाटांचा अंदाज. शहरात आणि आसपास विमेदार कामगार किती, त्यांच्या घरची माणसं किती, वर्षभरात त्यातली किती जणं भरती होतील, आणि भरती झाल्यावर किती दिवस पडून राहतील. ते सगळे दिवस एकत्र करायचे आणि वर्षाच्या दिवसांनी भागायचं. जेवढं येईल तेवढ्या खाटा रोज भरलेल्या राहणार. मला वाटलं संपलं. तुम्ही म्हणालात, आता ह्याच्यावर काही खाटा रिकाम्या ठेवायच्या. मी म्हटलं, रिकाम्या कशाला? इथं लोकांना जागा मिळत नाही आणि तुम्ही रिकाम्या ठेवणार? तुम्ही हातातला घास खाली ठेवलात.

"तुझ्या घरी पाहुणे सरासरीनं येतात का वं?"

दिवाळीला एकदम येतात, मी म्हटलं. तसंच असतं, म्हणालात. पाऊस ओसरला की डेंग्यू येतो, तेव्हा सगळे एकदम येतात. होळीच्या आधी अर्धे पेशंट आपणहून डिस्चार्ज मागतात आणि होळी झाली की दुप्पट होऊन परततात. पुरुषांच्या वॉर्डातली रिकामी खाट बाईला देता येत नाही, आणि तापाच्या पेशंटशेजारी बाळंतीण झोपवता येत नाही. सगळ्या खाटा भरलेल्या असणं म्हणजे दवाखाना चांगला चाललाय असं नाही, दारातून कोणीतरी परत गेलंय असं समजायचं. हे बोलताना तुमचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. मला जीपची मागची सीट आठवली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि गाजराची भाजी परत वाढून घेतलीत, जी तुम्हाला आवडायची नाही.

मग तो बाळंतिणींच्या वॉर्डाचा घोळ. ताई, तो आठवला की अजून हसू येतं मला.

नव्या इमारतीत बाळंतिणींसाठी किती खाटा मागायच्या ते तुम्ही काढत होता. पोळी मोडता मोडता सहज विचारलंत, "तुझं पहिलं कुठं झालं?" माहेरी, मी म्हटलं, अजून कुठं होणार? "हाव, बरोबर आहे. आमच्या मोठ्या बहिणीचंही पहिलं आमच्याकडंच झालं, वहिनीही तिच्या माहेरी गेली होती." आणि दोघी जेवत राहिलो. ह्यात काही विचारण्यासारखं आहे असं दोघींनाही वाटलं नाही. पहिलटकरीण माहेरी जाते, हे आपल्याला सूर्य उगवतो तसं. तुम्ही काय केलंत, विमेदारांच्या घरात वर्षभरात जितक्या बाळंतपणांची अपेक्षा होती त्यातून पहिलटकरणींचा मोठा हिस्सा वजा करून टाकलात. त्या कुठल्या ना कुठल्या गावी आईकडे जाणार, त्यांना इथं खाट लागणार नाही. कच्चा मसुदा वर पाठवूनही दिला.

मग हज़रतगंजच्या ऑफिसातली ती मीटिंग. तुम्ही घरी येऊन मला ती अख्खी करून दाखवलीत, उभ्या राहून, सगळ्यांचे आवाज काढून. शुक्लाजी, वयानं तुमच्याहून मोठे आणि हुद्द्यानं तुमच्या हाताखालचे, ज्यांच्याशी तुमचं एक दिवस पटलं तर दुसऱ्या दिवशी पटायचं नाही. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मैडम, ये सब औरतें पहली जचगी में जा कहाँ रही हैं?"

पहिल्या बाळंतपणाला मायके, म्हणजे माहेरी, तुम्ही म्हणालात. सगळी खोली हसली. शुक्लाजी हसले नाहीत, म्हणाले की मॅडम, तुमच्या महाराष्ट्रात जात असतील, आमच्याकडे बहू सासरीच बाळंत होते. माहेरचे तर मागून सामान घेऊन बाळ बघायला येतात. तुम्ही मला हे सांगताना टेबलाची कड धरून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शोभा, आपण दोघींनी मिळून अख्ख्या लखनऊच्या पोरी माहेरी पाठवल्या गं." मी हसले आणि मग घाबरले. मी विचारलं, आता तुमच्या नोकरीचं काय? मला नेहमी आधी तेच सुचतं, काय होईल, कोण रागावेल. तुम्ही म्हणालात, नोकरीला काही होत नाही, लाज तेवढी वाटते, ती वाटू द्यावी.

ऑफिसातल्या काहींनी तुम्हाला गप्प राहायला सुचवलं होतं म्हणे. खाटा कमी मागितल्या म्हणून आजवर कोणी कोणाला जाब विचारलाय? जास्त मागितल्या तर विचारतात. ते तुम्ही सांगितलंत तेव्हा मात्र हसत नव्हता. "ते खरंच बोलले. जी बाई भरतीच झाली नाही तिची नोंद कुठं होते? मागच्या वर्षी आल्या नाहीत म्हणून पुढच्या वर्षी लागत नाहीत, असं हे लोक लिहितात. अन् मी तर त्यांच्या पुढं गेले, यायच्या आधीच काढून टाकल्या." दुसऱ्या दिवशी तुम्ही मसुदा परत मागवला. गृहीत धरलेली गोष्ट माझ्या प्रांताची होती, इथली नाही, असं तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहिलंत.

तेवढ्यावर दुसरं कोणी थांबलं असतं. तुम्ही रविवारी माझ्या खोलीवर आलात, पहिल्यांदाच, आणि म्हणालात, चल, तुझ्या गल्लीतल्या बायका दाखव. आमची गल्ली कारखान्याला लागून, सगळे कामगार, अर्धे विमेदार. तुम्ही शेजारच्या फूलमतीच्या दारात पायरीवरच बसलात, कॉटनची साडी गोळा करून. फूलमती आधी बोलेना, सरकारी बाई म्हणून. मग तुम्ही तिला तुमची चूक सांगितलीत, मीटिंग करून दाखवलीत तशीच. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "मायके जाते तो भाभी ताना न मारती? अपने आदमी के घर में ही होता है, दीदी।" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, शुक्लाजी जिंकले, अशा अर्थानं. पण तेवढ्यात पलीकडच्या दारातून दुसरी एक म्हणाली की तिचं सासर गोंडा जिल्ह्यात, नवरा इथं एकटाच असायचा, तिचं पहिलं तिकडे सासूजवळच झालं, आत्ताच ती इकडे राहायला आलीय. आणि तिच्या जावेला अडलं म्हणून मध्यरात्री गाडी करून लखनऊलाच आणावं लागलं.

तुमचा चेहरा असा खुलला, ताई. म्हणजे शुक्लाजीही पूर्ण बरोबर नव्हते. काही जणी खरंच बाहेर जातात, पण माहेरी नाही, सासरी. आणि ज्यांना अडतं त्या बाहेरून उलट इथं येतात. तुम्ही दुपारभर त्या पायऱ्यांवर बसून विचारत राहिलात. मिनू तुमच्या पायाशी लोळत होती आणि तुम्ही मराठीत काही विचारलं की ती हिंदीत उत्तर देत होती, अजून देते. जाताना ऑटोत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "टेबलावर बसून विचारायचं नसतं वं. निदान एकाच माणसाला तरी विचारायचं नसतं." मला ते लागलं जरा. मी विचारलं, म्हणजे मला विचारायचं सोडलं का? तुम्ही ऑटोतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "तू माझी आठवी पास सल्लागार. तुला काढायची ताकद माझ्यात नाही."

तुम्ही नव्यानं मागितल्या तेवढ्या खाटा मिळाल्या नाहीतच. पण पहिल्या मसुद्यातल्यापेक्षा बऱ्याच जास्त मिळाल्या. ह्या हिवाळ्यात तो वॉर्ड उघडायच्या आधी तुम्ही मला बघायला घेऊन गेलात. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, नव्या रंगाचा वास होता. मला तिसरा सरत आला होता, तेव्हा फक्त तुम्हाला आणि ह्यांनाच माहीत. तुम्ही एका खाटेची गादी हातानं दाबून बघितलीत, इकडे तिकडे कोणी नाहीसं बघितलंत, आणि चक्क चपला काढून त्या प्लास्टिकवर आडव्या झालात. नर्स आली. कौन हैं आप, उठिए. एवढ्या मोठ्या अधिकारी, आणि शाळेतल्या पोरीसारख्या खाली उतरलात. बाहेर आल्यावर म्हणालात, "अरुंद आहे गं. बाळ शेजारी झोपवलं तर तुला कूस बदलता येणार नाही." मग तीच काळजी तुम्हाला आठवडाभर.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, ताई, तुम्ही खाटा सगळ्या मोजल्या, पण खाटेजवळ जे माणूस बसतं ते कुठं मोजलं? माझी आई जीपमध्ये नसती तर मी त्या खाटेपर्यंत पोचलेच नसते. तुम्ही चिडलात. "ते माझं काम नाही. नर्स किती, डॉक्टर किती, ते खाटांवरून ठरतं. सासू किती, आई किती, ते कसं ठरवू मी? ज्याला कोणी नाही त्याला खाट द्यायची नाही का मग?" मी म्हटलं, जिला कोणी नाही ती बाई दारातूनच परत जाईल, तुमच्या खाटेला घाबरून. तुम्ही म्हणालात, म्हणजे तू परत जाणार आहेस?

"मी बसते तुझ्याजवळ," तुम्ही म्हणालात. "रजेचा अर्ज देते. आता झालं?"

एवढं सोपं करून टाकलंत. पण ते उत्तर नव्हतं ताई, ते तुम्हालाही माहीत होतं. भांडणात एक बाजू हरायला लागली की तुम्ही असंच करायचा, मुद्दा सोडून माणसाला जवळ घ्यायचा. मग पुढचे दोन महिने आपण तेच भांडण तुकड्यातुकड्यानं करत राहिलो. कणीक मळताना, ऑटोची वाट बघताना. तुम्ही म्हणायचा, खाट नसेल तर जवळ बसणारं माणूस काय करेल, रडेल. मी म्हणायचे, माणूस नसेल तर खाटेवरची बाई रडेल. तुम्ही म्हणायचा, रडू दे, जिवंत राहील.

आणि मग तुम्हीच आडव्या झालात. ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ आली. शुक्लाजींनी उचलून गाडीत घातलं म्हणे, त्यांच्या शर्टाचं बटण तुमच्या हातात राहिलं होतं. मी पोचले तेव्हा तुम्ही विम्याच्याच मोठ्या दवाखान्यात, नळ्या लावलेल्या, आणि मला बघून पहिल्यांदा काय बोललात? "ह्या वॉर्डात रिकाम्या किती आहेत बघून ये." मी खरंच बघून आले. एक आहे, म्हटलं. मग तुम्ही डोळे मिटलेत, बरं वाटल्यासारखे. थोड्या वेळानं म्हणालात, मी काही तुमच्यासारखी विमेदार नाही, ही खाट कोणाच्या वाट्याची आहे कोण जाणे. मी म्हटलं, तुमच्याच वाट्याची आहे, गुपचूप पडून राहा. माझा आवाज इतका चढला की शेजारची म्हातारी जागी झाली.

बायकांचा वॉर्ड, म्हणून शुक्लाजींना बाहेर थांबवलं होतं. नागपूरहून तुमचे भाऊ यायचे होते, तोपर्यंत आत मी. माझे पाय सुजले होते. तुम्ही खाटेवरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, जा आता घरी, बसून काय करणार आहेस. मी म्हटलं, तुमच्या हिशेबात तर खाटेजवळचं माणूस मोजत नाहीत, मग मी असले काय नसले काय.

तुम्ही माझ्या सुजलेल्या पायांकडे परत बघितलंत. मग म्हणालात, "मोजत नाहीत म्हणजे लागत नाही असं नाही वं."

मी वाट बघत होते तुम्ही पुढे काय म्हणता. मला वाटलं, आता ताई माझं म्हणणं मान्य करणार, नाहीतर "पण" म्हणून पुढचं काढणार. तुमचं "पण" यायचंच. तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं, कसलीशी तपासणी करायची म्हणून. मी परत आत गेले तेव्हा तुम्ही झोपला होता. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, मग त्यांनाच आत सोडत होते. आणि त्यानंतर तुम्ही बोलायला राहिलाच नाहीत. ताई, ते "पण" काय होतं? भाजी चिरताना मी अजून तिथंच अडकते. कधी वाटतं तुम्ही म्हणाला असता, पण म्हणून खाट कमी करायची नाही. कधी वाटतं काहीच म्हणणार नव्हता.

तुमचं क्वार्टर रिकामं करायला मी भाऊंबरोबर होते. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर अळीव निघाला, डिंक निघाला, खारीक निघाली. भाऊंनी विचारलं, हे काय, ताईला स्वयंपाक तर येत नव्हता. मी म्हटलं, नव्हताच येत. तुमचं वरण कसं असायचं ते मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना माहीत असणार. तुम्ही डिंकाचे लाडू केले असते ते दगडासारखे झाले असते आणि मला बसून खावे लागले असते, तुमच्यासमोर, चांगले झालेत म्हणत. मी ते सगळं पिशवीत भरून घरी आणलंय. लाडू मी केले आहेत. चांगले झालेत.

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला मंडळाची माणसं आली होती, तुमच्या ऑफिसची आली होती. शुक्लाजी आले ते त्यांच्या बायकोला, शुक्लाइन चाचींना, घेऊन. आम्ही त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो, त्या आमच्या विहारात कधी आल्या नव्हत्या. दाराशी जरा थबकल्या, चपला काढल्या, आणि आत येऊन माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या. वंदना चालू असताना त्यांना शब्द येत नव्हते, पण हात जोडलेले शेवटपर्यंत खाली आले नाहीत. मग पंगतीत बसल्या. मी वाढत होते. माझं पोट बघितलं आणि माझ्या हातातली खिरीची बादली काढून घेतली, मला खाली बसवलं आणि स्वतः वाढायला लागल्या.

जेवणं झाल्यावर शुक्लाजी माझ्याजवळ आले. म्हणाले की मॅडमनी माझ्याकडे रजेचा अर्ज देऊन ठेवला होता, कारण काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, घर में जचगी है. मी सांगितलं, मॅडम, तुमच्या घरात तर कोणीच नाही. तर माझ्यावरच ओरडल्या. हे सांगताना शुक्लाजी हसायला गेले आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. चाचींनी मला विचारलं, आता कुठं जाणार? मी सांगितलं, ठरत नाही. आई बोलावते. चाची म्हणाल्या की मायके जाओगी तो रास्ते का डर, यहाँ रहोगी तो अकेले का. मी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. मला वाटलं, एवढंच होतं, आणि तेवढंही खूप होतं.

एवढं लिहून ठेवलं होतं, आणि काल माझी तपासणी होती, तुमच्या वॉर्डात. आठवा सरायला आलाय. हे कारखान्यात, मी एकटीच निघाले होते, तर गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून चाची उतरल्या. शुक्लाजींनी तारीख काढली होती म्हणे ऑफिसातून. मला काही विचारलं नाही, मिनूचा हात धरला आणि बसवलं रिक्षात. वाटेत त्या मिनूशी बोलत होत्या आणि मिनू त्यांना तुमचं सांगत होती, मौसी आता येत नाही. मी बाहेर बघत होते. मी अजून काही ठरवलेलं नव्हतं ताई, खरंच सांगते.

वॉर्डाच्या दाराशी टेबलावर नर्स बसते. तीच, जिनं तुम्हाला खाटेवरून उठवलं होतं. खाटांवरचं प्लास्टिक निघालंय आता. आत एक बाई होती, तिचं बाळ कुशीत, आणि खरंच तिला कूस बदलता येत नव्हती. तिच्या पायाशी एक म्हातारी बसून पंख्याचा वारा बाळाला लागू नये म्हणून पदर धरून होती. मी तेच बघत उभी होते, नर्सनं दोनदा विचारलं तरी मला ऐकू आलं नाही. डिलिवरी कहाँ होगी, मायके में या यहाँ?

"यहीं," मी म्हटलं.

तोंडून निघून गेलं. घरी जाऊन आईला सांगायचं होतं, ती रडणार होती. नर्सनं लिहिलं, मान वर न करता विचारलं, साथ में कौन रहेगा, नाम बताओ. माझ्या जिभेवर तुमचं नाव आलं, ताई. दोन महिने पाठ केलेलं होतं ते. मी थांबले. तर मागून चाचींनी स्वतःचं नाव सांगितलं, सगळं, आडनावासकट. नर्सनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. नावं जुळत नव्हती, बोली जुळत नव्हती.

"कौन लगती हैं इसकी?"

"सास हैं," चाची म्हणाल्या, "और कौन?"

मी ते तसंच लिहू दिलं ताई. सासर त्यांना देऊन टाकलं. माहेर तुमच्याच नावावर आहे.